खटक्यावरचा धागा

चलथाणला मगनशेठच्या व्याह्यांकडे चहा झाला, मग नाश्ता झाला, मग उंबऱ्यात उभ्याउभ्या पुन्हा गप्पा रंगल्या, आणि बाहेर गाडीला टेकून उभ्या असलेल्या त्यांच्या ड्रायव्हरचा, हिलालचा, जीव खालीवर होत राहिला. दिवेलागणीला सुरतेत, लिंबायतच्या मंडपात वीणा त्याच्या गळ्यात यायची होती.

खानदेशातून लूमवर, कापडाच्या मागांवर, कामाला आलेल्या माणसांनी वर्गणी काढून बसवलेला तो सप्ताह. वीणा आठवडाभर खाली टेकायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जायची. पुढचा आला नाही, तर आधीच्यानं तसंच उभं राहायचं. हिलालच्या आधी पहारा होता म्हाताऱ्या काशिनाथचा. रातपाळी करून, जरा पाठ टेकून, तो दुपारपासून पोथीसमोर उभा असणार. लूमवर उभं राहून त्याचे पाय आधीच खांबासारखे सुजलेले. पण माणूस हेकट. हिलालचा पहारा म्हणजे हिलालच्याच गळ्यात घालीन, म्हणायचा.

हिलालचं तरी काय? सबंध सप्ताहात त्यानं धड कीर्तन ऐकलं नव्हतं. शेठना घरी सोडून तो पोचेपर्यंत बुवा आरतीला आलेले असायचे, आणि याच्या वाट्याला नुसता बुक्का यायचा.

या साऱ्या उशिरात गाडीतल्या त्या पेटीचा वाटा मोठा होता. धनतेरसला शेठनी वराछाच्या एका कारागिराकडून ती गाडीत बसवून घेतली होती. गाडी उभी राहिली की पेटी इंजिन आपोआप बंद करायची, क्लच दाबला की परत चालू. पेट्रोल वाचतं म्हणे. पण सुरतेच्या रस्त्यावर गाडी चार पावलं चालते आणि थांबते. दिवसभर तिचं मरण आणि जगणं चालायचं, संध्याकाळी दिवे लावले की बॅटरी रडकुंडीला यायची आणि रात्री हिलालचा गुडघा ठणकायचा. पेटी बंद करायचा खटका हाताखालीच होता. पण त्यावर लाल धागा गच्च गुंडाळलेला, वर कुंकवाचं बोट. पूजेचा धागा तोडायचा कसा? हिलाल रोज सकाळी खटक्याला हात लावून तो कपाळाला न्यायचा आणि मुकाट्यानं गाडी काढायचा.

चलथाणच्या बाहेर पडतात न पडतात तोच उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या. साखर कारखान्याकडे निघालेली एक ट्रॉली कलंडली होती आणि रस्ताभर ऊस पसरला होता. गाडी थांबली, इंजिन बंद. क्लच दाबला, चालू. हातभर पुढे, पुन्हा बंद. असं होता होता दिवस मावळला, दिवे लावावे लागले, आणि शेवटी स्टार्टरनं एक लांब कण्हणं काढलं आणि तो गप्प झाला.

"शुं थयुं?" मागून शेठ म्हणाले.

"बॅटरी बसली, शेठ."

हिलालनं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. इतका शिणवटा आला होता की राग यायलाही अंगात जोर नव्हता. डोळ्यांपुढे काशिनाथ होता, या पायावरून त्या पायावर भार देत उभा. त्यानं शेठना वीणेचं सगळं सांगितलं. मग भीतभीत म्हणाला, "शेठ, देवाचा कोप नको व्हायला, पण हा धागा सोडू का? पेटी बंद केल्याशिवाय काही खरं नाही."

"कयो धागो?"

"खटक्यावरचा. पूजेचा."

शेठ चष्मा लावून पुढे वाकले. "अरे, पूजा कसली! खटका ढिला होता, खडखड वाजायचा. मंदिरातला दोरा खिशात होता, तो गुंडाळला मी."

"आणि कुंकू?"

"माझ्या बोटाचं! धनतेरसची पूजा करून हात पुसायचा राहिला होता."

हिलाल सीटवरून मागे वळला. "मग शेठ, इतके दिवस तुम्हीतरी पेटी बंद कर म्हणायचं!"

"मी कसा म्हणू? मला काय ती आवडते? पण तू रोज सकाळी तिच्या पाया पडतोस! म्हटलं, भगत माणूस, याची श्रद्धा आपण कशाला मोडायची!"

दोघंही थोडं हसले. फार हसायचं त्राण कुणातच नव्हतं. हिलालनं तरीही धागा तोडला नाही, नखानं गाठ उकलत बसला.

"तोडी नाख ने, बापा!" शेठ वैतागले.

खटका बंद झाला. ऊस गोळा करणाऱ्यांपैकी चौघं आले, शेठनीही सफारीच्या बाह्या सरसावून मागून जोर लावला, आणि ढकलता ढकलता गाडी एकदाची धडधडली. रस्ता मोकळा झाला. लिंबायतच्या गल्लीच्या तोंडापर्यंत हिलालनं इंजिन बंद पडू दिलं नाही.

मृदंग ऐकू येत होता. कीर्तन उभं राहिलं होतं. पण गाडी बंद केली तर परत सुरू होणार नव्हती, आणि शेठचं घर अजून लांब होतं. हिलाल ॲक्सिलरेटरवरचा पाय न उचलता तसाच बसून राहिला.

"उतर," शेठ सुस्कारा टाकत म्हणाले. "मला गाडी येते, विसरलास? उद्या ती पेटी काढून टाक."

नळावर पाय धुऊन हिलाल मंडपात शिरला. काशिनाथचे डोळे मिटलेले होते, पण बोटं तारेवर चालू होती.

"रामकृष्णहरी," हिलाल पाया पडत म्हणाला. "भलताच उशीर व्हयना, भाऊ."

"उना ना? बस व्हयनं," आलास हेच पुष्कळ, अशा सुरात म्हातारा म्हणाला, आणि वीणा याच्या गळ्यात घातली.

"बठ आते," हिलाल म्हणाला.

"बठू कसा? गुडघा वाकत नही. तू उभा ऱ्हाय, मी तुना टेका लिसू."

हिलालचा खांदा, मग कोपर, मग सदऱ्याची कड धरत काशिनाथ इंचाइंचानं खाली गेला आणि त्याच्या पोटरीला पाठ लावून बसला. बुवांचं निरूपण नुकतंच रंगात येत होतं. एरवी वीणा घेतली की हिलाल दोन पावलं पुढे, दोन पावलं मागे डोलायचा. आज काशिनाथची मान त्याच्या गुडघ्यावर कलली, घोरणं सुरू झालं, आणि हिलाल पाय जराही न हलवता, तारेवर हलकं बोट ठेवून, कीर्तन ऐकत उभा राहिला.