कौलाची दोरी

"या घरात माणसाला स्वतःच्या पायजम्याची नाडीसुद्धा सोडता येत नाही!"

बाथरूमच्या दारामागून दादा करवादत होता. मी दाराला टेकूनच उभी होते, कारण पुढचा नंबर माझा होता.

"काय झालं रे?"

"तुझ्या लाडक्या भिंगरीनं नाडीला गाठ मारून ठेवलीय. मी इथं टॉवेलवर उभा आहे."

"मग ओढ की."

"ओढली. आणखी आवळत चाललीय."

"दुसरं टोक ओढ."

आत जरा ओढाताण ऐकू आली. मग, "सुटली," असं तो एखादी वाईट बातमी द्यावी तसा म्हणाला.

भिंगरी म्हणजे दादाची नात. वय बारा. पायाला भिंगरी म्हणून नावही भिंगरी. गेले तीन-चार महिने आमच्या घरात सुटी म्हणून एकही दोरी उरलेली नव्हती. पडद्यांच्या दोऱ्या, बुटांच्या नाड्या, माझ्या चष्म्याची साखळीवजा दोरी, सगळ्यांवर तिचा सराव चालू होता. टॉवेल वाळत घालायचे तर आधी दोरीची सोडवणूक करावी लागे. वहिनी म्हणायची, "ही पोरगी एक दिवस मलाच बांधून ठेवणार, आणि मी जरा आराम करणार."

सराव कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दादा मुलांच्या पथकाचा प्रमुख. पथकात तंबू, शिट्टी, कवायत, गळ्यात निळा रुमाल, आणि दर वर्षी तळ्याकाठचं शिबिर. त्या शिबिरात रिकामी पिंपं आणि बांबू दोरीनं बांधून तराफा करायचा आणि त्यावर बसून तळं पार करायचं. गाठ चुकली तर आंघोळ. भिंगरीला त्या तराफ्यावर बसायचं होतं. नुसतं बसायचं नव्हतं, तो बांधायचा होता. तिनं आजोबांकडे रीतसर मागणी केली होती, आणि आजोबांनी रीतसर सांगितलं होतं की पथक मुलांचं आहे.

"पण का?" तिनं विचारलं होतं.

"आहे म्हणून आहे."

"हे उत्तर नाही, आजोबा. ही तर निरगाठ झाली."

दादाचं खरं दुःख मला कळत होतं. घरात आम्ही तीन बायका. सून नोकरीवरून आली की चार. पथकाचा हॉल ही जगातली एकच जागा, जिथं त्यानं शिट्टी वाजवली की सगळे ताठ उभे राहतात. घरात वाजवली तर वहिनी विचारते, "अगं, कुकर कुणी लावला?" अशा माणसाकडून त्याचा हॉल काढून घ्यायचा म्हणजे जिवावरचंच. पण पोरगी तरी काय मागत होती? एक दोरी, दोन बांबू आणि पाण्यात पडायची परवानगी.

माझं शिवणाचं दुकान त्या हॉलच्या भिंतीला लागूनच आहे. पथकाचे रुमाल मीच शिवते, फाटके तंबूही शिवते, आणि बैठकीला चहाही माझाच असतो. त्यामुळे पथकात नसूनही पथकाची एकही बैठक मी चुकवलेली नाही. आणि गाठींचं म्हणाल, तर दादा लहानपणी गाठी शिकला तोच मुळी माझ्या वेण्यांवर. संध्याकाळभर तो बांधायचा आणि झोपायच्या आधी मी रडत रडत सोडवायची. सोडवता सोडवता बांधताही यायला लागल्या. दादाला बाकी सगळ्या जमल्या. सुरगाठ मात्र काही केल्या जमेना. ओढली की सुटायच्या ऐवजी त्याची आवळायची. तरी परीक्षा पास झाला, छातीवर बिल्ला लागला, पुढं प्रमुखही झाला. त्या परीक्षेचा विषय आमच्या घरात कधी निघत नाही.

तर त्याच दिवशी संध्याकाळी भिंगरीच्या मागणीवर बैठक बसली. पथकाचे पाच पंच. दादा, बेकरीवाले, दातांचे डॉक्टर, घड्याळजी आणि ड्रायव्हिंग शिकवणारे मास्तर. पाचही जण याच पथकात वाढलेले. समोर सतरंजीवर मुलं. दाराशी भिंगरी, कधी नव्हे ते केस विंचरून. आणि कोपऱ्यात मी, किटलीपाशी.

डॉक्टरांनी सुरुवात केली. "उद्या मुली आल्या की ही मुलं आरशासमोरून हलायची नाहीत. केस विंचरत बसतील."

"बसू देत की," बेकरीवाले म्हणाले. "आमच्या चिरंजीवांनी शिबिरापासून कंगव्याला हात लावलेला नाही. परवा त्याच्या डोक्यात पावाचा तुकडा सापडला. आमच्याच बेकरीचा, म्हणून ओळखला."

सतरंजीवरच्या चिरंजीवांनी डोक्यावर हात ठेवला. बाकीची मुलं फिदीफिदी हसली.

"वेळ पाळणार नाहीत," घड्याळजी म्हणाले. ते कमी बोलतात.

"उलट बोललात," मास्तर म्हणाले. "माझ्याकडे गाडी शिकायला बायका येतात त्या वेळेआधी येऊन थांबतात. पुरुष उशिरा येतात आणि आल्यावर मलाच शिकवतात."

"पण रानात राहायचं असतं," डॉक्टरांनी सूर वर नेला. "तंबूत पाली येतात. मुली किंचाळतील."

"डॉक्टरकाका," दारातून भिंगरी म्हणाली, "मागच्या शिबिरात पाल आली तेव्हा कोण किंचाळलं होतं?"

मुलांनी एकदम छताकडे पाहिलं. घड्याळजींनी मनगटावरच्या घड्याळाला किल्ली दिली. डॉक्टर म्हणाले, "ती पाल नव्हती, घोरपड होती," आणि खाली बसले.

"मुद्दा सोयीचा आहे," दादा गंभीरपणे म्हणाला. "मुलींना वेगळा तंबू लागेल. आपला दुसरा तंबू फाटका आहे."

"शिवून देते," मी म्हटलं.

"तू चहा बघ."

"चहा झालाय. तंबूही दोन दिवसांत होईल."

दादानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी मी त्याच्या वाटणीचं आईस्क्रीम खाल्लं होतं तेव्हासुद्धा पाहिलं नव्हतं. मग त्यानं शिट्टी गळ्यात सरळ केली. "बोलण्यात वेळ घालवण्यात अर्थ नाही. दोरीचा कौल घेऊ."

हॉलमध्ये कुजबुज उठली. दोरीचा कौल आजच्या मुलांनी फक्त ऐकला होता. पथक ज्यांनी काढलं त्या थोरल्या सरांची ती रीत. मोठा निर्णय असला की पाच पंचांनी भिंतीला पाठ करून ओळीत उभं राहायचं, हात मागे. एकच लांब दोरी पाचांच्या हातांतून जाते. ज्याचा होकार असेल त्यानं पाठीमागे, न बघता, दोरीत निरगाठ मारायची. नकार असेल त्यानं सुरगाठ. कुणाची कुठली, कुणाला दिसत नाही. मग दोन मुलांनी दोन टोकं धरून ओढायचं. सुरगाठी सुटून जातात, निरगाठी राहतात. राहिल्या त्या मोजायच्या. थोरले सर म्हणत, ज्याला गाठ येत नाही त्याला मतही नाही. म्हणून परीक्षेतसुद्धा गाठी पाठीमागेच बांधायच्या असत.

शेवटचा कौल टोपी गोल असावी की चपटी यावर झाला होता, त्यालाही आता जमाना लोटला. मधल्या काळात पंचांनी गाठी बांधल्या नव्हत्या, फक्त मुलांच्या तपासल्या होत्या. बांधणं आणि तपासणं यात किती अंतर असतं, हे कुठल्याही सासूला विचारा.

दोरी खुंटीवरून उतरली. पाचही जण उभे राहिले. दादा नेहमीच्या जागी, खिडकीला पाठ लावून. त्या खिडकीपलीकडे माझ्या दुकानाची गल्ली. मी त्या खिडकीकडे पाहिलं आणि चटकन किटलीकडे पाहिलं.

हिशोब उघड होता. बेकरीवाले आणि मास्तर होकाराचे. डॉक्टर, घड्याळजी आणि दादा नकाराचे. दोन विरुद्ध तीन. भिंगरीनंही तो मांडलेला होता. ती दाराची कडी मुठीत धरून उभी होती आणि तिचा खालचा ओठ दातांत होता.

पंच बांधायला लागले. पाच पोक्त माणसं भिंतीला टेकून, डोळे वर लावून, खांदे हलवत होती. पाठीत मुंगी शिरल्यासारखी. डॉक्टरांची जीभ बाहेर आली होती. घड्याळजींची बोटं, जी केसाएवढी चाकं बसवतात, ती या जाड दोरीत कुठंतरी हरवली असावीत. त्यांच्या कपाळावर घाम आला. दादा मात्र अगदी स्थिर उभा होता. फार स्थिर.

"ओढा," तो म्हणाला.

दोन मुलांनी टोकं धरून ओढलं. दोरी ताणली, कुरकुरली. एकही गाठ सुटली नाही.

मुलांनी पुन्हा ओढलं. पाचही गाठी जागच्या जागी, उलट आवळून मुठीएवढ्या झालेल्या.

"एकमतानं!" बेकरीवाले ओरडले. मुलांनी टाळ्या पिटल्या. चिरंजीवांनी शीळ घातली.

डॉक्टरांनी घड्याळजींकडे पाहिलं. "तुम्ही... मत बदललंत?"

"तुम्ही?" घड्याळजींनी विचारलं.

"मी आपला... सगळा विचार करून..."

"हो. मीही."

झाकली मूठ सव्वा लाखाची. नकार दिला होता म्हणावं, तर सुरगाठ आली नाही हे समोरच्या पोरांपुढं कबूल करायचं. त्याच पोरांपुढं, ज्यांना गाठ चुकली म्हणून हॉलभोवती पळायला लावलेलं. डॉक्टर गप्प बसले. घड्याळजी तर गप्पच असतात. दादा खिडकीपाशी उभा होता आणि त्याचे कान लाल झाले होते. ते कान मी ओळखते.

आता राहिली शेवटची रीत. कौलाची दोरी खुंटीवर परत जाते ती गाठी सोडवूनच. मोठी मुलं पुढं झाली. दोन निरगाठी सोडवल्या. उरलेल्या तीन मात्र हलेनात. एकानं दात लावून पाहिले, डॉक्टर सवयीनं "दात नको!" म्हणाले.

"मी बघू?" भिंगरीनं विचारलं.

ती सतरंजीवर मांडी घालून बसली आणि गाठ बोटांत फिरवू लागली. इकडून दाबली, तिकडून सैल केली. मग तिचा हात थांबला. तिनं दुसरी पाहिली. तिसरी पाहिली. मला तिच्या चेहऱ्यावरून सगळं वाचता आलं. या निरगाठी नव्हत्या. या तीन बिघडलेल्या सुरगाठी होत्या.

"आजोबा, या तीन गाठी..." ती म्हणाली आणि गप्प झाली.

मला जोराचा खोकला आला.

"बोल," दादा म्हणाला.

"काही नाही."

"भिंगरे, पथकाचा पहिला नियम काय?"

"पथकातला मुलगा खरं बोलतो."

"मग?"

तिनं दोरी मांडीवर ठेवली. डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत होता. "मी पथकात आहे का, ते आधी सांगा. असेन तर मला खरं सांगावं लागेल, आणि खरं सांगितलं तर मी पथकात राहणार नाही. आणि नसेनच, तर मला नियम लागत नाही. मी गप्प बसू शकते."

मास्तर पुटपुटले, "पोरीनं गाडी पार बोळात घातली." बेकरीवाल्यांना आत्ता कुठं उजाडत होतं, ते एकदा डॉक्टरांकडे, एकदा घड्याळजींकडे पाहू लागले, आणि ते दोघं आपापल्या बुटांकडे.

दादा तिच्यापाशी आला. गुडघे कुरकुरत सतरंजीवर बसला. तिच्या मांडीवरची दोरी त्यानं उचलली, तिच्यातली एक गाठ अंगठ्यानं चाचपली. सकाळी "सुटली" म्हणाला तेव्हा आवाज होता ना, तसाच आता चेहरा.

"ही माझी," तो म्हणाला. "नकाराची होती."

"दादा, जाऊ दे ना," मी म्हटलं. मी कप भरायला घेतले होते; काहीतरी करायला हवं होतं म्हणून.

"का जाऊ दे? पोरगी एवढ्या गोष्टीसाठी अडकून बसलीय." तो मुलांकडे वळला. शिट्टी न वाजवताच मुलं ताठ बसली. "ऐका. मला सुरगाठ येत नाही. आजच आली नाही असं नाही. कधीच येत नव्हती."

डॉक्टरांनी मान वर केली. "अरे, पण तुझा बिल्ला? थोरल्या सरांनी स्वतः परीक्षा घेतली होती तुझी!"

"घेतली. मी त्या खिडकीला पाठ लावून उभा होतो, हात मागे. बाहेरून गजांतून दोन हात आले, सुरगाठ मारली आणि गेले. सरांनी ओढली, फर्रकन सुटली. ते म्हणाले, असा हात या पथकात दुसरा नाही." आणि मग आमच्या सबंध आयुष्यात आम्ही दोघांनी जे एकदाही उच्चारलं नव्हतं ते त्यानं भर हॉलमध्ये, खड्या आवाजात सांगितलं. "माझी गाठ होकाराची धरा, म्हणजे तीन झाल्या. या पथकात मुलगी आज येत नाहीये, ती पहिल्यापासून आहे. ती बघा तिथं, किटलीपाशी. चहा सांडतेय."