दाबलेली माती आणि माझा डूख

मित्रांनो, मी एक जुनी, मातीची कुंडी आहे, आणि माझा स्वभाव डूख धरण्याचा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी नाक मुरडायला नको.

कुंभाराने मला चाकावर घडवले. मी ओली असतानाच त्याने माझ्या तळात अंगठा खुपसून एक भोक पाडले. चांगल्या अंगाला भोक कशाला, म्हणून मी तेव्हा फार चिडले. पण पुढे माझ्यात पहिल्यांदा पाणी पडले आणि नको असलेले पाणी खालून मुकाट्याने निघून गेले, तेव्हा कळले की माझे सगळे शहाणपण त्या भोकातच आहे.

टपाल कचेरीत काम करणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतले आणि माझ्यात रुंद, कातरलेल्या पानांचे एक रोप लावले. ते मूळचे दमट, घनदाट जंगलातले. तिथे ते मोठ्या झाडांच्या बुंध्यांवर चढते आणि कुजलेल्या पानांच्या भुसभुशीत थरात मुळे पसरते. त्याला पाणी लागते, तशी हवाही लागते. चिखलात मात्र त्याचा जीव गुदमरतो.

बाई परात घेऊन बसत. नारळाच्या शेंड्यांचा भुसा, लाकडाच्या सालीचे तुकडे, कोळशाचा चुरा, चाळलेले कुजके खत आणि थोडीशी बागेतली माती त्या हातानेच कालवत. शेजारी बसलेल्या मुलीला सांगत, "मूठ वळली की गोळा झाला पाहिजे, आणि बोट लावलं की विस्कटला पाहिजे. मग समज, माती जमली." पाणी घालण्याआधी त्या दोन पेरे बोट खुपसून बघत. आत ओल लागली तर तांब्या तसाच परत जाई. दर वर्षी रोप अलगद काढून, दमलेली माती झाडून, ताजी भरत. पाहुणे पानांचे कौतुक करत, आणि बाई माझ्या काठावरून हात फिरवत. ते हात मी विसरलेले नाही.

बाई गेल्या. मुलीने आईचा दागिना मागितला नाही की साडी मागितली नाही. तिने हे रोप मागितले, आणि त्याच्याबरोबर मीही तिच्या घरी आले.

मुलीचा नवरा फरशी बसवणारा. माणूस कामाचा, हातात कसब, पण दिसेल ते दाबून सपाट करण्याची खोड. ताटातला भातसुद्धा तो आधी थापून घेई आणि मग खाई.

एकदा मुलीला बहिणीच्या बाळंतपणासाठी गावाला जावे लागले. निघताना ती म्हणाली, "अहो, पाणी घालायच्या आधी बोट घालून बघा. ओलं असेल तर घालू नका. आणि माती बदलू नका, मी आल्यावर बदलेन."

"अगं, अख्ख्या इमारतींच्या फरश्या बसवतो मी," तो हसला. "एक कुंडी सांभाळता येणार नाही?"

तिची पाठ वळली आणि याच्या डोक्यात खूळ शिरले. बायकोला चकित करायचे! त्याने एक निळी, चकचकीत, चिनी मातीची कुंडी आणली. माझी सवतच म्हणा ना. अंगावर सोनेरी वेल, आणि तळाला भोक नाही. "एक थेंब गळायचा नाही!" तो कौतुकाने म्हणाला. त्यात त्याने बांधकामाच्या खड्ड्यातली चिकण माती ओतली. एक थर, वर पाणी, मग लाकडी हातोड्याने ठोक. दुसरा थर, पुन्हा ठोक. "भराव दाबला नाही, तर पुढे खचतो," असे स्वतःशीच पुटपुटत त्याने शेवटी वर पातळी मोजायची बुडबुड्याची पट्टी धरून बघितली. माती फरशीसारखी सपाट झाली होती. मधोमध, माझ्यातून उपसून आणलेले बिचारे रोप उभे होते.

आणि मी? मला त्याने न्हाणीघराच्या कोपऱ्यात टाकले आणि माझ्यात सिमेंटची थापी धुतली. एकदा नव्हे, रोज. गाळ तळाशी साचला, घट्ट झाला, आणि माझे भोक बुजले. ज्या भोकाने मी इतकी वर्षे एक जीव सांभाळला, ते याने आपल्या घाणीने लिंपून टाकले! मित्रांनो, त्याच क्षणी मी ठरवले, याला सोडायचे नाही.

पण मला ना हात ना पाय. मी वाट बघत राहिले.

फार वाट बघावी लागली नाही. न्हाणीघराच्या दारातून मला सगळे दिसत होते. पाणी वरच तुंबू लागले. एक पान पिवळे पडले. त्याला वाटले, तहान लागली असेल. त्याने अजून पाणी ओतले. दुसरे पान पिवळे पडले, तिसरे काळवंडले. मग ओल्या मातीतून चिलटे उठली, आणि थेट त्याच्या चहाच्या कपात पडू लागली. जा बाळांनो, जा, एकही घोट सुखाने पिऊ देऊ नका, असे मी मनात म्हणत होते. शेजारीण दारात येऊन नाक दाबून म्हणाली, "भाऊ, काहीतरी कुजलंय हो तुमच्याकडे." मला गुदगुल्या झाल्या. माझ्या सवतीच्या सोनेरी वेलीवर चिलटे बसली होती.

फोनवर बायको विचारी, "रोप कसं आहे?"

"एकदम पक्कं!" हा सांगे.

ती परत आली. पिशवीही खाली न ठेवता कुंडीपाशी गेली आणि तिने मातीत बोट घातले. बोट आत जाईना. तिने जोर केला, तर नखच मोडले. मग तिने कुंडी उपडी केली. आतून विटेसारखा ठोकळा निसटला, आणि घाणेरडे पाणी फरशीभर पसरले.

"हे काय केलंत?"

"मी... नीट दाबली होती गं."

"अहो, ही काय जमीन आहे का, वरून चालायला? मुळांना श्वास लागतो!"

तो मान खाली घालून उभा राहिला. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात ती खाली बसली, हातातली मऊ, काळी मुळे बघत म्हणाली, "आईचं एवढंच होतं माझ्याकडे." माझा आनंद तिथेच आटला. त्याची कीव मला आली नाही, आजही येत नाही. पण तिच्यासाठी मी तळापासून हळहळले.

तिने डोळे पुसले आणि कात्रीने कुजके सगळे कापून टाकले. हाती उरला एक तोकडा देठ आणि त्याला एकच पांढरे, टणक मूळ. "जुनी कुंडी आणा," ती म्हणाली.

त्याने मला आणले. आतले सिमेंट बघून तिने त्याच्याकडे रोखून पाहिले. तो घाईघाईने छिन्नी घेऊन बसला. खरे सांगू? जीव आवळून धरला असता, तर मी कदाचित वाचले असते. पण या माणसाच्या उपकाराने वाचायचे नव्हते मला. मी फुटले. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"आता?" ती म्हणाली.

तो उठला आणि ड्रिल घेऊन आला. माझ्या सवतीला पालथी घातली, आणि टोक तिच्या चकचकीत तळावर टेकवले. मित्रांनो, काय किंचाळली ती! सोनेरी वेल, निळा रंग, सगळा तोरा पांढरी भुकटी होऊन खाली सांडला.

"एक पुरे?" त्याने विचारले.

"अजून दोन पाडा."

तिच्या जागी मी असते, तर दहा पाडायला सांगितले असते.

मग तिने माझ्या तळाचे खापर उचलले, आईने इतकी वर्षे हाताळलेले, आणि सवतीच्या मधल्या भोकावर पालथे ठेवले, बाकीच्या दोन्हींवर माझेच लहान तुकडे, म्हणजे माती वाहून जाणार नाही आणि पाणी मात्र निघेल. वर परातीत कालवलेली भुसभुशीत माती आली. सवयीने त्याचा हात ती थापायला पुढे झाला. "हात मागे," ती म्हणाली. हात मागे गेला.

आता रोपाला नवे पान आले आहे, असे वरचे बोलणे ऐकून कळते. सवतीच्या पोटात मी राज्य करते, आणि निघणारा प्रत्येक थेंब माझ्या अंगावरून जातो. तुमच्या घरी असे रोप असेल, तर त्याच्या मुळांचा विचार करा. माती सुटी ठेवा, ती दमली की बदला, आणि पाण्याआधी बोट घाला. शोभेसाठी कोणाला गाडू नका, आणि जुन्याला घाण धुवायला टाकू नका. आम्ही गप्प असतो, पण विसरत नाही.

तो रोज कुंडीपाशी येतो. एक बोट हळूच मातीत उतरते आणि निघून जाते. तळाशी असल्यामुळे वरचा दाब मला लगेच कळतो. अजून एकदाही त्याने दाबलेले नाही. पण मी लक्ष ठेवून आहे.