ही फाइल कशात उघडू?

शनिवारी सकाळी बायको शाळेत गेल्यावर घड्याळजी तिच्या कॉम्प्युटरसमोर बसले, आणि पाऊण तासात त्यांनी पडद्यावरच्या एकवीस चित्रांचं एकच चित्र करून ठेवलं. एकवीसच्या एकवीस ठिकाणी निळी वही. प्रत्येक वहीच्या कोपऱ्यात छोटा बाण.

बायको भूगोलाच्या शिक्षिका. तीन वाजता घरी आल्या, हातपाय धुतले, कॉम्प्युटरपुढे बसल्या. पाचच्या आत तीन इयत्तांचे परीक्षेचे पेपर शाळेला मेल करायचे होते. त्यांनी पूर्वी जिथे इंटरनेट होतं त्या वहीवर दोनदा टिचकी मारली. एक पांढरं पान उघडलं. त्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कुठल्याच भाषेत नसलेली अक्षरं. दुसऱ्या वहीवर मारली. तेच.

"काय केलंत?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"फडक्यानं पुसला जरा."

बाईंनी पर्समधून फोन काढला.

"कुणाला लावतेस?"

"वहिनींना."

"दुसरं कुणी नाही का?"

"आहेत. त्यांना सोमवारी वेळ आहे."

वहिनी म्हणजे घड्याळजींच्या थोरल्या भावाची बायको. एका मोठ्या दवाखान्याच्या कॉम्प्युटर विभागात त्या बावीस वर्षं फोनवर तक्रारी ऐकत आल्या होत्या. भाऊ जाऊन दहा महिने झाले होते आणि त्यातले नऊ महिने दीर-भावजय एकमेकांशी बोलत नव्हते. कारण मोटरसायकल. दादा गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात वहिनींनी त्याची मोटरसायकल कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला देऊन टाकली, फुकट. घड्याळजी सगळ्यांसमोर म्हणाले, "दादाची गाडी होती. मला एका शब्दानं विचारायचं तरी." वहिनी म्हणाल्या, "त्यांनी सांगितलं तसं केलं." घड्याळजींना ते पटलं नाही, आणि न पटलेलं चेहऱ्यावर दिसू द्यायची त्यांची सवय होती.

बाईंनी दोन वाक्यांत अडचण सांगितली आणि फोन नवऱ्याच्या हातात दिला. "मी चहा टाकते," म्हणून त्या आत गेल्या.

"बोला भावोजी," वहिनी म्हणाल्या. "शेवटी काय उघडत होतात?"

"काही नाही. आपलं असंच."

"भावोजी, मला दिवसाला तीस माणसं सांगतात, काही केलं नाही. तीसही जणांनी काहीतरी केलेलं असतं. मी रागवत नाही, मला फक्त कळायला हवं."

घड्याळजींनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून सांगितलं. त्यांच्या जुन्या फोनमध्ये आलेले सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायचे. तो फोन मोडीत काढण्याआधी बाईंनी त्यातलं सगळं कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलं होतं. त्यात दादाच्या नंबरची एक फाइल होती. ती उघडताना कॉम्प्युटरनं विचारलं, ही फाइल कशात उघडू? यादीत पहिली निळी वही होती, म्हणून वही सांगितली. खाली 'नेहमी हेच वापरा' असं होतं, तिथे बरोबरची खूण केली. नुसते चौकोन आले. मग त्या फाइलचा शॉर्टकट करून बाहेर ठेवला, त्यालाही तेच सांगून बघितलं.

"शॉर्टकटला सांगितलंत," वहिनी म्हणाल्या. "म्हणजे बाणवाली जेवढी चित्रं आहेत ती सगळी वहीत उघडायची असं त्याला कळलं. बिचाऱ्यानं ऐकलं."

मग पलीकडे दार लावल्याचा आवाज आला.

"त्यांचा आवाज आहे त्यात?"

"असावा. ऐकला नाही अजून."

"आधी पेपर पाठवू," वहिनी म्हणाल्या. "कीबोर्डवर खालच्या ओळीत खिडकीचं चित्र असलेलं बटण आहे. ते आणि आर, दोन्ही एकदम दाबा."

वहिनी एकेक अक्षर सांगत गेल्या, घड्याळजी एका बोटानं टाइप करत गेले. डाव्या बाजूला फोल्डरांची लांबच लांब रांग उघडली. एकात दुसरं, दुसऱ्यात तिसरं, असं करत सहा-सात फोल्डर आत गेल्यावर एक बारकं फोल्डर सापडलं. त्याचं नाव डॉट एल एन के, म्हणजे कॉम्प्युटरच्या भाषेत शॉर्टकट.

"आता काही पुसायच्या आधी त्याची एक प्रत बाजूला ठेवू. बिघडलं तर परत लावता येईल."

हे घड्याळजींना आवडलं. तेही घड्याळाचे स्क्रू काढले की आधी वाटीत ठेवायचे. नऊ महिन्यांत वहिनींची पटलेली ही पहिली गोष्ट.

"आत काय दिसतंय?"

"युजर चॉइस."

"हं. वापरणाऱ्याची मर्जी. ती काढून टाका."

"सगळी?"

"एवढीच."

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. निळ्या वह्या गेल्या आणि एकवीस वेगवेगळी चित्रं आपापल्या जागी आली. बाई चहा घेऊन आल्या, पडद्याकडे पाहिलं, नवऱ्याला खुर्चीवरून उठवलं आणि पेपर पाठवले. चार वाजायला दहा कमी होते. चहा पिऊन त्या गच्चीवर वाळलेले कपडे आणायला गेल्या. फोन चालूच होता.

"आता ती फाइल," वहिनी म्हणाल्या. "उजवं बटण दाबा. कशात उघडू म्हणेल. गाणी वाजवायचा प्रोग्राम निवडा. खूण करा, या वेळी चालेल. आणि भावोजी, फोन स्पीकरजवळ धरा."

आधी नुसती टिकटिक ऐकू आली. घड्याळजींनी ती लगेच ओळखली. त्यांच्याच दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळांची होती. मग दादा बोलायला लागला.

"ऐक, ती मोटरसायकल. माझ्यानं आता किक मारवत नाही. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला देऊन टाकावी म्हणतोय, त्याच्याकडे काहीच वाहन नाही. माझ्यानं नाही झालं तर हिला सांगून ठेवतो. तुला हवी होती का?"

त्यावर घड्याळजींचाच आवाज आला. "मी काय करू तिचं? देऊन टाक. डोळ्याला भिंग आहे माझ्या, नंतर बोलू."

"बरं. बघ तुझं काम."

एवढंच. एकोणीस सेकंद.

घड्याळजींनी फोन कानाला लावला. "वहिनी."

"हं."

"मला आठवतच नव्हतं हे."

"माहीत आहे मला. त्याच्या डोळ्याला भिंग असलं की त्याला काही सांगून उपयोग नाही, असं हे म्हणायचे."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलले होते, त्यांनी तुम्हाला विचारलंय म्हणून. तुम्ही पंख्याकडे बघत होतात."

घड्याळजींना तो पंखा आठवला. एका पात्याला कोळिष्टक होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर बोललो तुम्हाला."

"हो. सगळ्यांसमोरच बोललात." वहिनी म्हणाल्या. "उद्या तुमच्या दोघी बहिणी जेवायला येणार आहेत माझ्याकडे. तुम्हीही दोघं या. हे वाक्य तिथे म्हणा."

"म्हणतो."

"आणि ती फाइल मला पाठवा."

फाइल पाठवायला बारा मिनिटं लागली. वहिनींनी घाई केली नाही. ती पोचल्यावर त्या "थांबा हं" म्हणाल्या. मग घड्याळजींना फोनमधून टिकटिक ऐकू आली, त्यानंतर दादा, त्यानंतर ते स्वतः. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा वहिनींनी फक्त दादाचं बोलणं संपेपर्यंत वाजवली आणि पुढे बंद केली. मग वहिनी म्हणाल्या, "ठेवते, भात लावायचाय," आणि फोन ठेवला.

रविवारी सगळे जेवायला बसल्यावर घड्याळजींनी घसा साफ केला आणि मोटरसायकलच्या बाबतीत आपलं चुकलं, दादानं आपल्याला विचारलं होतं आणि आपणच देऊन टाक म्हणालो होतो, असं एका दमात सांगून टाकलं. वहिनींनी मान डोलावली आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

थोरली बहीण म्हणाली, "आम्हाला तेव्हाच वाटलं होतं."

धाकटीनं विचारलं, "कुठली मोटरसायकल?"