मेणातली ताई

"बाई, ही वडी कुठून काढलीत?" डॉक्टरांनी विचारलं. "नंबर सव्वीस वर्षांपूर्वीचा दिसतोय."

"तळघरातल्या कपाटातून," मी म्हटलं. "माझ्या बहिणीची आहे."

डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकावरून डोळे उचलले. तिशीतली पोर. आमच्या प्रयोगशाळेत येऊन तिला वर्षही झालं नव्हतं.

शस्त्रक्रियेत काढलेला शरीराचा तुकडा आमच्याकडे येतो. तो मेणात बसवून त्याची वडी करायची, यंत्रावर तिचे काप काढायचे, कोमट पाण्यावर तरंगवायचे आणि काचपट्टीवर उचलायचे. काप केसाच्या विसाव्या हिश्शाइतका पातळ. एकोणतीस वर्षं मी हेच करते. मी कापायचं, डॉक्टरांनी बघायचं. पट्टीवर दिसतं तरी काय, हे विचारायची मला भारी खोड. आधीचे डॉक्टर म्हणायचे, "तुम्हाला काय करायचंय, बाई?" ही मात्र हाक मारून दाखवायची.

आदल्याच आठवड्यात तिने सांगितलं होतं की गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर बहुतेक वेळा विषाणूमुळे होतो.

"सर्दीचा असतो तसा?" मी विचारलं.

"जात वेगळी. पेशीने वाटेल तसं वाढू नये म्हणून तिच्यात पहारेकरी असतात. हा विषाणू आत शिरतो आणि त्याची दोन जनुकं त्या पहारेकऱ्यांना जायबंदी करतात. मग वर्षानुवर्षं आत काय चाललंय ते कळतही नाही."

"आणि घराण्यातून येतो तो?"

"तिथे एखादा पहारेकरी जन्मापासूनच अधू असतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. ताई याच आजाराने गेली तेव्हा माझी भाची नऊ वर्षांची होती. आमची आजीही कसल्याशा गाठीने गेलेली. भाऊजींनी दोन आणि दोन चार केले. "हे तुमच्याकडचं," ते म्हणायचे. "तुमच्या रक्तातच आहे." वाईट हेतूने नाही, पण म्हणायचे, आल्यागेल्यासमोर म्हणायचे. भाची ते ऐकतच मोठी झाली. तिने कधी तपासणी करून घेतली नाही. "रक्तातलं कुणाला चुकलंय, मावशी?" म्हणायची. आता तिची मुलगी बारा वर्षांची आहे.

"विषाणू होता का, ते जुन्या वडीवरून कळेल?" मी डॉक्टरांना विचारलं.

"कळायला हवं. पण घरच्यांची सही लागेल."

भाऊजींनी चष्मा शोधून सही केली. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. सहीसुद्धा बारीक, रेखीव. "बघ बाई," ते म्हणाले. "निघायचं तेच निघेल."

ताई आजारी पडली तेव्हा तिची वडी मला कुणी कापू दिली नव्हती. आता मी नवं पातं लावलं. पहिला काप चुरगळला. इतक्या वर्षांत माझा काप चुरगळला नव्हता. दुसरा पाण्यावर अलगद पसरला. ताईचं या जगात एवढंच उरलं होतं, आणि ते माझ्या कुंचल्याच्या टोकाशी हलत होतं. मी ते उचललं आणि नळीत घालून तपासणीला दिलं.

चौथ्या दिवशी अहवाल आला. विषाणू सापडला होता.

मला हसूच आलं. आमचं रक्त आरोपातून सुटलं होतं. मग मी सवयीने पुढचा प्रश्न विचारला, "हा येतो कुठून?"

"शरीरसंबंधातून," डॉक्टर म्हणाली.

ताईच्या आयुष्यात एकच पुरुष होता. सव्वीस वर्षं ऐकलेल्या वाक्याचं उत्तर माझ्या जिभेवर आयतं येऊन बसलं.

डॉक्टरांना ते दिसलं असावं. "बाई, हा बहुतेकांना कधी ना कधी लागतोच. पुरुषाला पत्ताही नसतो. बहुतेक बायकांचं शरीर त्याला हाकलून देतं. एखादीतच तो का ठाण मांडतो, ते नीट कुणाला सांगता येत नाही. त्यात तिच्या जनुकांचाही थोडा हात असेल. पण कुणी दिला, कधी दिला, हे पट्टीवर लिहिलेलं नसतं."

रविवारी मी भाऊजींकडे गेले. भाचीही होती. मी अहवाल वाचून दाखवला.

"म्हणजे मला होईलच असं नाही?" भाचीने विचारलं.

"नाही. तपासणी करत राहिलीस तर वेळेत कळतं. पोरीला लसही देता येते."

भाची उठली आणि उगाचच धुतलेले कप पुन्हा धुवायला लागली.

भाऊजी मात्र विचारात पडले. कुठलं चाक कुठल्या चाकाला फिरवतं हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"हा लागतो कसा?"

काहीही सांगता आलं असतं. "माणसाकडून माणसाला," मी म्हटलं.

"नवऱ्याकडून बायकोला?"

"लागू शकतो."

मग डॉक्टर जे बोलली होती ते मी शब्द न शब्द सांगितलं. पुरुषाला पत्ता नसतो, तेही. जिभेवरचं ते उत्तर मी गिळलं. गिळायला सोपं नव्हतं. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"म्हणजे आमच्याकडचं," भाऊजी म्हणाले.

"ते कुणालाच सांगता येत नाही, भाऊजी."

"मी सांगत होतो की, सव्वीस वर्षं."

मंगळवारी आम्ही बायकांच्या दवाखान्यात गेलो. भाचीची तपासणी होती, नातीची लस होती. भाऊजींना कुणी बोलावलं नव्हतं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याआधी येऊन उभे होते. बाकडी भरलेली. भाची आणि नात नाव नोंदवायला गेल्या, तेव्हा एकीची पर्स आणि दुसरीचं दप्तर खांद्याला अडकवून ते रांगेत त्यांची जागा धरून राहिले. पुढे बायका, मागे बायका.

"आजोबा," नर्स म्हणाली, "पुरुषांचं पलीकडच्या इमारतीत."

"माझं इथलंच आहे," भाऊजी म्हणाले आणि रांग हलली तसे एक पाऊल पुढे सरकले.