शर्टाआडची पालवी

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे, त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. हवी तर पैज लावा. मी एक जुनं बुजगावणं आहे. हसलात ना? तुम्हाला दिसतंय शेंगांनी लगडलेलं शेवग्याचं झाड, आणि त्याच्या विरळ सावलीत तुम्ही भाकरी सोडून बसला आहात. पण खरं ते खरं. ती पुढं बसलेली महामाया आत्तापासूनच नाक मुरडते आहे. ती या वावराच्या मालकिणीची, सरजाबाईची नात. तिनं जरा गप्प बसावं.

माझा जन्म याच वावरातला, जळकोटच्या माळावरचा. पेरणी उरकल्यावर सरजाबाईनं शेवग्याची एक जाड फांदी तोडून इथं रोवली. आडवी काठी बांधून हात केले, वर मडकं पालथं घातलं आणि चुन्यानं तोंड आणि डोळे काढले. एक मोठा, एक बारीक. मग लेकाचा, आदर्शचा, विटलेला शर्ट आणला. जुना कपडा टाकायच्या आधी त्याची बटणं कापून डब्यात ठेवायची, ही आपल्याकडची रीत. सरजाबाईनंही ती कापून घेतली आणि माझ्या छातीवर सुतळी आवळली. "बुजगावण्याला कशाला पायजेत बटणं?" म्हणाली. मला जरा वाईट वाटलं.

पण माझा दरारा काय वर्णावा! एका कावळ्यानं मला बघून जी धूम ठोकली, तो थेट माहूरला जाऊन देवीच्या पायरीवर नाक घासून आला. एक रानडुक्कर रात्री सोयाबीनमध्ये घुसायला आलं आणि माझा मोठा डोळा बघून तेलंगणात पळालं. ते अजून तिकडंच आहे. आता तेलुगूत गुरगुरतं म्हणतात. सरजाबाई येता-जाता कौतुकानं विचारायची, "काय रं, हाय का राखण?" मी ताठ उभा राहायचो.

मग पावसाची ओल माझ्या पायाला लागली आणि छातीत गुदगुल्या व्हायला लागल्या. मी तुटलेली फांदी. आपण मेलो, असं मी धरूनच चाललो होतो. आणि शर्टाच्या आत मला कोवळी पालवी फुटली! बाहेरून कुणाला काही दिसत नव्हतं. ते गुपित छातीशी धरून मी मोठ्या सुखात होतो.

आणि ती आली.

सरजाबाईनं शेळीसाठी बांधाकडेला लसूणघास पेरला होता. बाजारातून आणलेल्या त्या बियाण्यात अमरवेलीचं बारीक बी मिसळलेलं होतं. आधी दिसला एक पिवळा दोरा. त्याला पान नाही, आणि मुळाचा पत्ता नाही. टोक हवेत गोल गोल फिरवत तो काहीतरी चाचपत होता, आंधळा माणूस दार शोधतो तसा. घासाची एक काडी हाताला लागली. तिला त्यानं वेढा घातला, बारीक सुया रुतवल्या आणि रस ओढायला सुरुवात केली. मग सोयाबीन. एकेक झाड पिवळं पडत होतं, माना टाकत होतं. भर दुपारी, लख्ख उन्हात, मला ते सगळं बघावं लागत होतं. मित्रांनो, भीती दाखवणं माझा धंदा होता, पण भीती म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पळायचं म्हटलं तर मला पायच एक, आणि तोही पुरलेला.

एके दिवशी गार, ओलसर काहीतरी माझ्या पायाला शिवलं. मग ते कमरेला आलं. मग गळ्यापाशी शर्टाच्या आत शिरलं आणि माझ्या पालवीला जाऊन डसलं.

गावात बोलाबोली झाली. तणांचा अभ्यास करणाऱ्या उज्वला मॅडम आल्या. त्या म्हणाल्या, "घाबरून चालणार नाही, आणि गाफील राहूनही चालणार नाही. हिची आधी परीक्षा घेऊ. ही किती पसरेल ते ठरवू, मग उपाय." मोठी उलटी परीक्षा होती ती! जितके गुण जास्त, तितकं तण वाईट. तुकडा तुटून दुसऱ्या झाडावर पडला तर जगते का? जगते. बी जमिनीत वर्षानुवर्षं टिकतं का? टिकतं. एकाच पिकावर जाते की अनेक? दिसेल त्यावर. वेल धडाधड गुण घेत चालली आणि सरजाबाईचा चेहरा उतरत चालला.

"शेवटचं," मॅडम म्हणाल्या. "जिवंत झाड नसेल तर मरते का? मरत असेल, तर रानाचा लागण झालेला तेवढाच तुकडा कापून भागेल."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. माझ्यावर वेल सगळ्यात जास्त फुगली होती.

"घ्या!" शेजारचे श्रीमंतराव ओरडले. "वाळल्या लाकडावर पोसून राहिली ही. आता कुंपण, मांडव, काय सोडती का? सरजाक्का, पेटवा सगळं रान. धुऱ्यापल्याड माझी तूर हाय."

"भाऊ, शेंगात दाणा भरून राहिलाय. थोडं थांबा की."

"मी थांबतो हो. ही थांबती का?"

सरजाबाई बांधावर बसली. पेरल्यापासून एकटीनं खुरपलेलं रान होतं ते. बराच वेळ ती शेंगांवरून हात फिरवत राहिली. मग तिनं पदर खोचला. "माझ्या पायी दुसऱ्याचं रान नगं जायला. आणा काडीपेटी. बुजगावण्यापासूनच लावते. त्याच्यावरच लई माजलीय."

वाऱ्याचा पत्ता नव्हता. पान हलत नव्हतं. सरजाबाई पेटती काडी ओंजळीत धरून माझ्याकडं येत होती. मी जिवंत आहे हे एका मलाच ठाऊक होतं, आणि चुन्याच्या तोंडानं बोलता येत नव्हतं.

तेवढ्यात माझा शर्ट उघडला. कसा, ते शेवटी सांगतो.

"काडी विझवा!" मॅडम ओरडल्या. "अहो, याला पालवी आहे! हे लाकूड जिवंत आहे, म्हणून ही जगली. तो कुंपणाचा बाभळीचा खुंट बघा. तिथं वाळून काथ्या झाली." शेवटच्या प्रश्नाचे गुण कापले गेले. रान वाचलं. वेलीला फुलं यायच्या आत रानाचा लागण झालेला तुकडा चहूबाजूंनी थोडं जास्तीचं धरून कापला आणि तिथंच जाळला. श्रीमंतराव स्वतः विळा घेऊन उतरले. पुढं त्यांच्या तुरीत दोन पिवळे दोरे निघाले, तेव्हा मात्र 'सगळं रान पेटवा' असं कुणी म्हणालं नाही. माझीही वेल सोलून काढली. अर्धे हात गेले, पण मी उरलो आणि वाढलो.

म्हणून सांगतो मित्रांनो, बियाणं पेरण्याआधी निवडून घ्या. पिवळा दोरा दिसला तर आजच काढा. आणि एखाद्याला मेलेला ठरवायच्या आधी त्याच्या शर्टाआड एकदा बघा. मुख्य म्हणजे माझ्यासारखे निधडे व्हा! त्या दिवशी आग हातभर अंतरावर आली, पण मी तसूभर हललो नाही. एक दीर्घ श्वास घेतला, छाती अशी फुगवली, आणि शर्टाची बटणं तड, तड, तड तुटून थेट श्रीमंतरावांच्या पागोट्यावर...

"ए थापाड्या!" महामाया भाकरी हातात घेऊनच उठली. "बटणं तर आज्जीनं आधीच कापून डब्यात ठिवली होती! आत्ताच तू सांगितलंस! सुतळी होती, सुतळी. अन् ती मॅडमनी सोडली. का सोडली सांगू? आज्जी म्हणती, वारं न्हाई, वावटळ न्हाई, अन् बुजगावणं आपलं लटलट कापून राहिलं होतं!"