निरोपातला हरवलेला ळ

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल खच्चून भरला होता. खुर्च्या संपल्या तशी माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. खोकला आला तरी तोंड दाबून खोकत होती. समोर जाड पडदा आणि पडद्यापुढे खुर्चीत निरोपेबुवा. गेलेल्या माणसांचे निरोप आणतात म्हणून लोकांनीच ठेवलेलं हे नाव. कपाळाला दोन बोटं लावून ते म्हणाले, "आलेत. दाराशी उभे आहेत. कुणी हलू नका, लाजतात ते."

मेलेली माणसं लाजतात ही माहिती मला नवीन होती.

बुवा उठून पडद्यामागे गेले. प्रत्येक निरोपाआधी ते तिकडे जायचे, ध्यानाला म्हणे. बाहेर आले ते थेट एका म्हाताऱ्या शिंप्यासमोर. "बायको विचारतेय, माझ्या निळ्या स्वेटरची बाही उसवली होती, ती शिवलीत का?"

शिंपी लहान मुलासारखा रडायला लागला. "हे आमच्या दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं हो," तो शेजारच्याला सांगत होता. हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज आले. माझ्या शेजारी आईने माझा हात घट्ट धरला.

आईला काचबिंदू. बाबा होते तेव्हापासून डॉक्टर बजावत होते, ऑपरेशन लांबवू नका, यात गेलेली नजर परत येत नाही. आई शेवटी तयारही झाली होती. तेवढ्यात बुवांचा माणूस घरी आला. म्हणाला, "तुमच्या यजमानांचा निरोप आहे." बाबा जाऊन वर्षही झालं नव्हतं. निरोप काय, तर डोळ्याला सुरी लावून घेऊ नकोस. आईने ऑपरेशन रद्द केलं आणि बुवांनी दिलेलं पाणी डोळ्यांत घालायला लागली. मी भांडले, रडले, अबोला धरला. तिचं आपलं एकच, "तुझं ऐकू की त्यांचं?"

मी वाचनालयात वर्ग घेते, घरच्या मोबाईलची काळजी कशी घ्यावी याचा. जन्मतारखेचा पासवर्ड ठेवू नका, ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका. सगळी गल्ली माझं ऐकते, घरात मला कुत्रं विचारत नाही.

पडदा हलला. बुवा आईसमोर आले आणि आवाज जड करून म्हणाले, "कली... लेकीवर रागावू नकोस, कली. पण डोळ्याला हात लावू देऊ नकोस."

आईने पदर तोंडाला लावला. मला मात्र ते नाव खटकलं.

बाबा आईला 'कळी' म्हणायचे. कळी, ळ चा. फक्त मोबाईलवर 'कली' लिहायचे, कारण त्यांना कीबोर्डवर ळ सापडायचा नाही. 'कली, गोली घेतलीस का?' असा मेसेज आला की आई चिडायची, "कली काय? मी काय अंगात शिरलेय तुमच्या?" तोंडाने त्यांनी तिला जन्मात कली म्हटलं नाही. बुवा ऐकत नव्हते, वाचत होते. गोली, डोला त्यांनी सुधारून घेतलं असेल, पण लाडाचं नाव कोण सुधारणार?

आणि ते कशावर वाचत होते, हे मला त्याच क्षणी कळलं.

बाबांचा फोन मीच कोपऱ्यावरच्या जुन्या फोनच्या दुकानात देऊन टाकला होता. घरात नजरेसमोर नको म्हणून. द्यायच्या आधी सगळं पुसावं, हे मी घसा फोडून लोकांना सांगते. फोन हातात घेतला, बटण दाबलं. 'सगळी माहिती पुसायची का?' असं त्याने विचारलं आणि माझा हात धजावेना. बाबांना आणखी एकदा घालवतेय असं वाटलं. नुसतं सिम काढून घेतलं. कुलूप तर बाबांनी फोनला कधी लावलंच नव्हतं. आणि आईला मी सांगितलं, पुसून दिला.

वाटलं, गप्प बसावं. आईला घरी नेऊन काहीतरी पटवावं. मग तिने पर्समधून त्या पाण्याची बाटली काढली.

मी माझ्या मोबाईलवर बाबांचं खातं उघडलं. पासवर्ड मीच बनवून दिलेला. हरवलेला फोन शोधायची सोय असते, त्यात 'फोन वाजवा' असं बटण असतं. आवाज बंद असला तरी वाजतो, फक्त तो चालू आणि नेटला जोडलेला हवा. मी बटण दाबलं.

पडद्यामागे बदक ओरडायला लागलं. सगळ्यांच्या फोनमध्ये आपला ओळखू यावा म्हणून बाबांनी लावलेली रिंगटोन.

"शांत राहा," बुवा म्हणाले. "आत्मा पक्ष्याच्या रूपात..."

"बदकाच्या?" शिंप्याने विचारलं आणि उठून पडदा ओढला.

आत टेबलावर कितीतरी फोन चार्जिंगला लावलेले, प्रत्येकाच्या पाठीवर नाव चिकटवलेलं. जुने फोन घेणारा तो कोपऱ्यावरचा दुकानदार, मागून कळलं की बुवांचा भाचा, बदकाचा गळा कसा दाबावा ते न समजून उभा होता. शिंप्याने एक फुटक्या काचेचा फोन उचलला आणि छातीशी धरला. बुवा मागच्या जिन्याकडे सरकत होते, त्यांना लोकांनीच धरून बसवलं.

आईने बाबांचा फोन हातात घेतला. डोळ्यांजवळ नेऊन वाचला. वर तिचंच वाक्य होतं, 'मला सुरीची भीती वाटते.' खाली बाबांचं, 'कली, नको तर नको.'

"तू पुसून दिला म्हणालीस," ती म्हणाली.

"खोटं बोलले, आई."

तिने फोन पर्समध्ये ठेवला आणि चेन ओढली. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

हॉलमधल्या लोकांना मी तिथेच उभी राहून सगळं सांगितलं, माझी चूकही. म्हटलं, फोन देताना आधी फोटो, आवाज, हवं ते काढून ठेवा, मग खात्यातून बाहेर पडा, मग सगळं पुसा. वापरात असताना कुलूप लावा. आणि कुणी तुमच्या घरातलं गुपित सांगितलं तर पाया पडण्याआधी एवढंच विचारा, याला हे कुठून कळलं असेल? विचारल्याने गेलेल्या माणसाचा अपमान होत नाही. मी वेळेवर विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याची कडेची नजर मात्र त्या पाण्याच्या दिवसांत गेली, ती गेलीच. आता आईला डावीकडून येणारं माणूस दिसत नाही, म्हणून मी तिच्या उजव्या बाजूला बसते.

काल बाबांचा फोन पुसायला घेतला. फोटो, मेसेज सगळं आधी काढून ठेवलं होतं. आई म्हणाली, "थांब. तो ळ कुठे असतो, दाखव."

मी तिचं बोट 'ल'वर टेकवलं. "दाबून धर." वर ळ उमटला.

"एवढंच?" आई म्हणाली. "किती वेळा विचारलं होतं त्यांनी तुला."

विचारलं होतं. मी दर वेळी म्हणायचे, बाबा, उद्या दाखवते.