भिंतीत कोंबलेली निळी तार

मी एक जुनी निळी तार आहे. मित्रांनो म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते, नाहीतर माणसांशी मैत्री करावी असे मला कधी वाटलेले नाही.

आम्ही पाच बहिणी एकाच वेष्टनात जन्मलो. आर्वोने आम्हाला घर उबदार ठेवणाऱ्या तळघरातल्या भट्टीपासून वर बैठकीच्या भिंतीपर्यंत ओढत नेले. आर्वो म्हणजे या घराचा मालक, लोखंडाच्या खाणीत हयात घालवलेला हेकट माणूस. तांबडी, पांढरी, पिवळी आणि हिरवी अशा चौघींना त्याने थर्मोस्टॅटच्या, म्हणजे घरात ऊब किती हवी ते ठरवणाऱ्या, चकतीला जोडले. माझ्यापाशी येऊन म्हणाला, "हिचं काही काम नाही." वर आणि खाली, दोन्हीकडे मला बहिणींच्याच गळ्याभोवती गुंडाळून टाकले. चकती फिरवली की भट्टी पेटायची. बर्फ खिडकीला टेकला की शेजारी चकतीचे गुण गात. मी अंधारात धूळ खात होते आणि चौघींवर जळत होते.

पुढे आर्वोची बायको गेली. मग दूर डुलुथ शहरात राहणारी मुलगी मार्लिस आली, नवरा डेल आणि एक चकचकीत थर्मोस्टॅट घेऊन. डुलुथमध्ये बसून तिला या घराची ऊब फोनवर दिसणार होती, कमीजास्तही करता येणार होती.

"बाबा, तुम्ही कुडकुडत बसता आणि मजेत आहे म्हणून सांगता. आता मला दिसेल."

"कैद्यावर ठेवतात तशी नजर ठेव."

"हे चाललं नाही, तर वृद्धाश्रमात खोली बघून ठेवलीय मी. धमकी समजा हवं तर."

"समजलो. या घरातून मी शवपेटीतूनच जाणार."

डेलने चकती उपटली आणि नव्या साहेबाला त्याच चौघी जोडल्या. थोडे दिवस साहेब पोटातल्या बॅटरीवर झळकला. कडाक्याची थंडी पडली तसा त्याचा पडदा काळा झाला आणि भट्टी विझली. जुनी चकती साध्या बटणासारखी होती, तिला स्वतःला काही खायला लागत नसे. याला पडदा उजळायला सतत वीज हवी. तांबडी ती आणून देई, पण विजेला परत जायची वाट लागते, आणि ती वाट म्हणजे मी.

मार्लिस डेलला घेऊन धावत आली. कारागीर बोलवा म्हणाली. स्वतःच्या भट्टीसाठी कारागीर बोलावणे म्हणजे या गावात नाक कापून घेणे. सासरे-जावई आयुष्यात पहिल्यांदा एका बाजूला झाले.

डेलने मला भिंतीतून उपसले, सोलले आणि 'सी' लिहिलेल्या खाचेत खुपसले. पडदा काळाच राहिला.

"ही तारच मेलेली आहे," तो म्हणाला.

अरे शहाण्या, माझे खालचे टोक कशालाच जोडलेले नव्हते.

"खाली बघितलंस का, जावईबापू?" आर्वोने विचारले.

"बघणारच होतो."

"हो, उन्हाळ्यात."

डेल तणतणत तळघरात उतरला. आधी भट्टीचा खटका बंद करायचा आणि मग तारेला हात लावायचा, हे शेंबडे पोरही सांगेल. पण त्याच्या डोक्यात राग होता. त्याने मला हिसडले, माझे उघडे टोक तांबडीच्या स्क्रूला घासले, ठिणगी उडाली आणि भट्टीतला फ्यूज गेला. आता रात्रीत पाण्याचे पाइप गोठून फुटणार हे सगळ्यांनाच दिसत होते. मार्लिस बापाचे कपडे बॅगेत भरू लागली.

ते बघून आर्वो उठला. अंगणातल्या पिकअप गाडीच्या रेडिओचा फ्यूज काढून आणला. भट्टीतही त्याच आकड्याचा फ्यूज लागतो. त्याने खटका बंद केला, फ्यूज बसवला, मला 'सी'च्या स्क्रूखाली आवळले आणि खटका चालू केला. भट्टी घुरघुरली. वर पडदा उजळला.

"कपडे परत ठेव," तो मुलीला म्हणाला. "घड्या घालून."

तेव्हापासून रोज उठल्यावर आर्वो पडद्यावरचा उबेचा आकडा खाली आणतो. मार्लिस तिकडून वर चढवते. तो पुन्हा खाली आणतो. फोनवर दोघे एकमेकांशी धड बोलत नाहीत. ही भांडणे माझ्या जिवावर चालतात आणि कौतुक मात्र साहेबाचे होते.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आकडा हललाच नाही. फोन वाजत राहिला, आर्वोने उचलला नाही. मार्लिस निसरड्या रस्त्यावरून गाडी हाकत आली आणि बर्फाने माखलेले बूट न काढताच आत घुसली. आर्वो टेबलाशी कॉफी पीत बसला होता.

"तुम्ही जिवंत आहात?"

"बघत होतो, तुझं लक्ष असतं का."

तिने हातमोजा काढून त्याला फेकून मारला. मग भिंतीला टेकून रडली, अगदी माझ्या शेजारी. रडणे संपल्यावर तिने स्वतःच्या बोटाने आकडा खाली आणला, त्याला हवा तेवढा.

"दार लाव आधी," आर्वो म्हणाला. "ऊब चाललीय बाहेर."

मला त्या दोघांचा आजही राग येतो. पण मित्रांनो, एवढे ऐका. आधी खटका बंद करा. कोणालाही काम नाही म्हणून भिंतीत कोंबू नका. आणि तार मेली असे म्हणण्याआधी तिची दोन्ही टोके बघा. दुसरे टोक नेहमी लांब असते, आणि तिथवर कोणालातरी उठून जावे लागते.